दिवाळीची भेट आणि प्रताधिकारमुक्त पुस्तके

प्रश्न : यंदाच्या दिवाळीत नात्यातील मुलांना आणि वडीलधाऱ्यांना काहीतरी द्यावे असे मनात आहे, मात्र माणशी पन्नास-साठ रुपयांपलीकडे खर्च झेपणार नाही. इंटरनेटवर जुनी मराठी पुस्तके मोफत मिळतात. ती छापून देणे कायद्याला धरून होईल का, आणि फुकट मिळालेली वस्तू भेट म्हणून देणे बरे दिसेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाचा प्रताधिकार (कॉपीराइट) त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो आणि त्यानंतर ते पुस्तक कोणीही छापू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. हरि नारायण आपटे, केशवसुत, बालकवी आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन तर त्याआधीच खुले झाले. मात्र हे स्वातंत्र्य मूळ मजकुरापुरतेच असते. अलीकडच्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा, चित्रे आणि मुखपृष्ठ यांवर त्या त्या व्यक्तींचा हक्क असू शकतो, त्यामुळे ती पाने सरसकट झेरॉक्स करू नयेत. विकिस्रोत या मोफत ग्रंथांच्या संकेतस्थळावर जो मजकूर टंकलिखित स्वरूपात आहे तो घ्यावा, म्हणजे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. स्कॅन केलेल्या जुन्या प्रतीत ती सोय नसते.

आपल्या खर्चाच्या मर्यादेत अख्खी कादंबरी छापून होणार नाही, आणि तशी गरजही नाही. मुलांसाठी बालकवींच्या ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘आनंदी आनंद गडे’ अशा कविता आपण स्वतः निवडाव्यात. ए-फोर आकाराचा एक कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणजे चार कागदांत सोळा पानांची पुस्तिका तयार होते आणि मधल्या घडीवर दोन पिना मारल्या की बांधणीचेही काम भागते. मुखपृष्ठ घरातल्या मुलांकडून रंगवून घ्यावे. वडीलधाऱ्यांसाठी ‘स्मृतिचित्रे’मधील एखादे प्रकरण ठळक, मोठ्या अक्षरांत छापावे, दृष्टी अधू झाल्यामुळे ज्यांचे वाचन सुटले आहे, त्यांना अशी प्रत बाजारात सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच ही भेट कमीपणाची आहे असे मला मुळीच वाटत नाही. मजकूर फुकट मिळाला तरी कोणाला काय आवडेल याचा विचार करून निवडणे, जुळवणे आणि शुद्धलेखन तपासणे हे काम आपले असते. केवळ फाइलचा दुवा पाठवला तर मात्र तो शुभेच्छांच्या गर्दीत हरवण्याचीच शक्यता अधिक.

प्रश्न : पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फाइली मला व्हॉट्सॲपवर आल्या आहेत. त्याच छापून भेट दिल्या तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. पु. ल. यांचे निधन २००० साली झाले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरील प्रताधिकार २०६० च्या अखेरीपर्यंत राहील, आणि फाइल कितीही लोकांच्या हाती फिरलेली असली तरी त्याने हक्क संपत नाही. त्यांचेच लेखन द्यायचे असेल, तर एखादे छोटे पुस्तक विकत घेऊन दोन-तीन भावंडांना मिळून द्यावे.