वाचकांचे प्रश्न : अँडीजची चढण आणि तिथले आठवडी बाजार

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी शिक्षिका आहोत. देवगिरी आणि धारूरचा किल्ला आम्ही अनेकदा चढलो आहोत, कळसूबाईही झाले आहे. येत्या उन्हाळी सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन पेरूला जाण्याचा विचार आहे. डोंगरवाटा चालायच्या आहेत आणि स्थानिक बाजारही निवांत पाहायचे आहेत. दिवस मोजकेच असल्याने आधी ट्रेक उरकून मग बाजारांकडे वळावे, असे वाटते. हे योग्य होईल का?
— दोन वाचक, अंबाजोगाई

उत्तर : हा क्रम आपण उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, तर पेरूची राजधानी लिमाहून सुमारे सव्वा तासाच्या विमानप्रवासानंतर आपण ज्या कुस्को शहरात उतराल, ते ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहइतक्या उंचीवर वसलेले आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. गड चढण्याच्या सरावाने पाय तयार होतात, परंतु विरळ हवेचा त्रास त्याने टळत नाही. उलट दमसास चांगला असलेली माणसे घाई करतात आणि आजारी पडतात. शरीराला हवे असतात ते काही दिवस, आणि हेच दिवस बाजारांना द्यावेत.

कुस्कोच्या विमानतळावरून त्याच दिवशी गाडीने उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरावे. तिथली पिसाक, उरुबांबा, ओयांतायतांबो ही गावे २,८०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान असल्याने पहिल्या रात्रींची झोप बरी लागते. पिसाकचा बाजार आता रोजच भरतो आणि त्यात पर्यटकांसाठी मांडलेला माल पुष्कळ असतो, म्हणून शक्यतो रविवार साधावा. त्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरचे शेतकरी भाजीपाला घेऊन उतरतात. मोंढा आणि आठवडी बाजार ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना तिथे पाहण्यासारखे फार आहे. खोऱ्याच्या तळाशी मका पिकतो, त्याच्या वरच्या पट्ट्यात बटाटा आणि त्याहूनही वर केवळ अल्पाका हे लोकरीचे प्राणी चरू शकतात, अशी ही डोंगरांची शेती असल्याने प्रत्येक उंचीवरच्या कुटुंबाला दुसऱ्या उंचीवरचा माल लागतो. काही ठिकाणी बटाटे देऊन मका घेण्याची अदलाबदल आजही चालते. काळपट, खड्यासारखे हलके दिसणारे ‘चुन्यो’ तिथे आवर्जून हातात घेऊन पाहावेत. हे बटाटेच असतात. जून-जुलैच्या गोठणाऱ्या रात्री ते उघड्यावर पसरतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. ज्या वाटांवरून आपण पुढे चालणार आहात, त्या डोंगरांचे अर्थकारण अशा बाजारात आधी समजून घेतले, तर चालताना दिसणारी शेते आणि कुरणे निराळीच वाटतील.

चिंचेरो मात्र ३,७०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे ते दोन-तीन दिवसांनंतर करावे. तेथील विणकर स्त्रिया निवडुंगावर वाढणारा कोचिनियल नावाचा कीटक तळहातावर चिरडून किरमिजी रंग काढून दाखवतात आणि त्यावर लिंबू पिळताच तो नारिंगी होतो. पैठणीच्या मुलखातील वाचकांना हातमागाची किंमत सांगायला नको, तरीही एक खूण लक्षात ठेवावी : पारंपरिक पद्धतीने कमरेच्या मागावर विणलेल्या कापडाच्या चारही कडा विणलेल्याच असतात, कात्रीने कापलेली कड नसते. ‘बेबी अल्पाका’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक शाली यंत्रावरच्या आणि ॲक्रिलिकच्या असतात. खऱ्या विणकामावर फार घासाघीस करू नये, त्यामागे कित्येक आठवड्यांचे श्रम असतात. फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि सुटी नाणी जवळ बाळगावीत.

या दिवसांत चढणीचा सरावही होतोच. पिसाक गावातून वरच्या इंका अवशेषांपर्यंत जाणारी पायऱ्यांची वाट किंवा ओयांतायतांबोतील जुन्या कोठारांची चढण अर्ध्या दिवसात जमते. मोठा ट्रेक त्यानंतर. प्रसिद्ध इंका ट्रेल सुमारे ४३ किलोमीटरचा असून त्यातील सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. मार्गदर्शक आणि हमाल धरून रोज ५०० जणांनाच परवाना मिळत असल्याने मे महिन्याच्या तारखांसाठी कित्येक महिने आधी नोंदणी करावी लागते. परवाना हुकल्यास साल्कांतायची वाट आहे, पण तिची खिंड ४,६०० मीटरच्या वर जाते. मे महिन्यात तिथे कोरडा हंगाम सुरू होतो, आपल्या सुट्टीच्या दृष्टीने हे उत्तमच. दिवसा ऊन कडक असते आणि उंचावरच्या मुक्कामी रात्री पाणी गोठते, म्हणून थंडीच्या कपड्यांत काटकसर करू नये.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. ॲसिटाझोलामाइड ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. डोके दुखणे आणि मळमळणे एवढेच असेल, तर तिथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात विसंगती आली, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरावे. यात संकोच किंवा पैशांचा विचार आड येऊ देऊ नये.

परतीच्या संदर्भात दोन गोष्टी. पेरूहून भारतात येताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, अन्यथा विमानतळावरून विलगीकरणात जावे लागू शकते. तसेच तिथे सर्रास मिळणारी कोकाची (ज्यापासून कोकेन काढतात, त्या झुडपाची) पाने किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणूनही आणू नयेत. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार तो आपल्याकडे गुन्हा आहे.

प्रश्न : मी माळकरी आहे. मुलासोबत याच भागात जाणार आहे. बाजारात माझ्या खाण्याची सोय होईल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : होईल, परंतु सूप विचारूनच घ्यावे. मांसाचे तुकडे नसले, तरी रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्याचा असतो, आणि ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने तो बदलत नाही; ‘रस्साही नको’ हे वाक्य मुलाने स्पॅनिशमध्ये लिहून ठेवावे. उकडलेले टपोऱ्या दाण्यांचे कणीस आणि ताजे चीज जवळजवळ प्रत्येक बाजारात मिळते. तिथला किविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊबंद, तर किन्वा चाकवताच्या कुळातला. दोन्ही पोटभरीचे आहेत. कच्चा किन्वा घेतल्यास त्यावरचा कडवट थर जाईपर्यंत तो चोळून धुवावा. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात मांसाचे गाळे उघडेच असतात, म्हणून तिथे फळांच्या रसाच्या रांगेकडूनच आत जावे. रस बाटलीबंद पाण्यात किंवा पाण्याशिवाय करून मागावा.