सेंट पॉलच्या दवाखान्यात रुजू होताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून लागलास, फार बरं वाटलं. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मनातून जाईना: "ह्मोंग आजी-आजोबा ऐकतच नाहीत."

असं म्हणू नकोस रे. ही माणसं लाओसच्या डोंगरांतली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या बाजूने लढली, १९७५ नंतर मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत राहिली, मग इकडे आली. त्यांची आजची रोमन लिपीच १९५० च्या दशकातली. कित्येक म्हाताऱ्यांना काहीच वाचता येत नाही. सुरुवातीला मी एका आजींना ह्मोंग भाषेतलं छापील पत्रक दिलं आणि काम झालं असं समजले. महिन्याने त्यांनी ते घडीसकट परत आणलं. गोळ्याही तशाच होत्या. अजून आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते, डबीवर सूर्य नाहीतर चंद्र काढते आणि विचारते, "घरी सुनेला कसं सांगाल?" दुभाषा ते काम रीतसर शिकलेलाच हवा. नातवाला मध्ये घालू नकोस, त्याच्यासमोर आजी मोकळं बोलायच्या नाहीत. मुलगा सोबत असेल तर त्यालाही बसव. औषधाचं घरात मिळून ठरतं.

सगळ्यात अवघड हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा आजार. दुखत काहीच नाही, मग रोज गोळी कशाला? पण मनाने मध्येच सोडली तर यकृताला एकदम सूज येऊ शकते. इथे त्यांचा एक शब्द उपयोगी पडतो: शिआ. म्हणजे यकृत, आणि मनही. दुःख झालं की त्यांचं शिआ तुटतं, जसं आपलं काळीज. "ही शिआच्या राखणीची गोळी," असं सांगितलं की आजी मान वर करून बघतात.

मनगटाला पांढरे दोरे दिसले तर आत्म्याला परत बोलावण्याचा विधी झालाय, असं समज. आदराने विचार. कॅलिफोर्नियात मर्सेडच्या रुग्णालयात तर शामनना, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या त्यांच्या वैद्यांना, रुग्णाजवळ विधी करायला रीतसर परवानगी आहे. परसातला झाडपाला घेतात का, तेही विचार, पण दरडावून नको, नाहीतर पुढच्या वेळी लपवतील. औषध जहाल वाटतं म्हणून अर्धीच गोळी घेणारे भेटतील. त्यांना चक्कर येते का, ते आधी बघ. कधी डोस खरंच जास्त असतो.

पहिल्या भेटीला वीस मिनिटं दे. मागे रांग असली तरी.

तुझी,
ताई