कोपऱ्यात कोण उभे राहणार?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मुष्टियुद्धाच्या राज्य स्पर्धेसाठी तुझी निवड झाल्याची बातमी मिरकरवाड्यात ज्यांनी ज्यांनी सांगितली, त्यांनी लगोलग विचारले की, देवगडचा तो मुलगा यंदा तरी हरणार ना? त्याला हरवण्याची ईर्षा तू जरूर बाळग, कारण तुझा डावा ठोसा सुधारला तो त्याच्याचमुळे. मात्र त्याला गाठण्यासाठी तू खालच्या वजनगटात उतरायला निघाला आहेस आणि भर मे महिन्यात प्लॅस्टिकचे जाकीट चढवून मांडवीच्या वाळूत धावतोस, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या दमट हवेत घाम धड वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. काट्यावर कमी भरते ते बहुतांशी पाणीच, आणि अशा सुकलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे झेलणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर यांची तिसरी लढत तू मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतोस. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ, आपल्यासारख्याच उकाड्यात ती झाली. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते, तरी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठायचेच होते. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी उठू दिले नाही. लोक अलीच्या विजयाचे गोडवे गातात, मला मात्र त्या दिवशीचे फच अधिक थोर वाटतात. पुढे अलीला वयाच्या ४२व्या वर्षी पार्किन्सनचे निदान झाले. त्याला ठोसेच कारणीभूत होते का, यावर मतभेद आहेत. परंतु वारंवारच्या आघातांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला इजा होते, हे वैद्यक १९२८ पासून सांगत आले आहे. हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवते, आतला मेंदू हादरायचा तो हादरतोच.

तेव्हा रिंगच्या कोपऱ्यात, फचसारखा, असा माणूस घे, ज्याने लढत थांबवण्यासाठी टॉवेल टाकल्यावर तू महिनाभर त्याच्याशी अबोला धरलास तरी त्याला पश्चात्ताप होणार नाही. (टाळ्या वाजवणारे मित्र या कामाचे नाहीत.) सरावात डोक्याला मार बसून डोके दुखले, मळमळले किंवा अंधारी आली, तर त्याच दिवशी सांग आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ग्लोव्हज हातात घेऊ नकोस. बाबा होडीवर गेलेले असतील, तर आईला सांग. तिच्यापासून लपवणे तुला जमत नाही, हे बरेच आहे.

वजनगटाचे काय ठरवलेस ते रविवारपर्यंत कळव. प्रवेशअर्जावर मी सही त्यानंतरच करीन.