एकटी माणसं आणि कुठलीच नसलेली जागा: ही चित्रं पाहायची कशी?

तुम्ही विचारलंय, की एका तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्रात एकच माणूस होता आणि मागे ना घर ना झाड, नुसते रंगाचे थर. ही माणसं दुःखी समजायची, की चित्रकाराला पार्श्वभूमी जमलेली नाही?

मला दोन्ही पटत नाही. मी तैलरंगात काम करतो. अशा चित्रापुढे उभा राहिलो की चेहरा नंतर बघतो, आधी पाय बघतो. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ती रेघच पुसलेली असली, की माणसाला पेलून धरायचं काम एकट्या सावलीवर येतं. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६३५ च्या सुमारास दरबारी विदूषक पाब्लो दे वायादोलिद याला असंच रंगवलं: काळे कपडे, फाकलेले पाय, मागे नुसता मातकट रंग आणि पायाशी थोडीशी सावली. फ्रेंच चित्रकार एदुआर माने १८६५ मध्ये माद्रिदला ते बघून भारावला. पुढच्याच वर्षी त्याने बासरी वाजवणारा मुलगा तसाच मोकळ्या करड्या रंगात उभा केला.

माझं एक चित्र महिनाभर अडलं होतं. खुर्चीत बसलेली बाई, शेजारी खिडकी. काही केल्या ती कुणाची तरी वाट बघतेय असंच वाटायचं. शेवटी खिडकी आणि खुर्ची दोन्हींवर राखाडी रंग चढवला, खांद्याची कड थोडी त्यात मिसळू दिली. तिचं वाट बघणं थांबलं. ती नुसती बसली, खुर्चीशिवाय. आजही तिरप्या उजेडात खुर्चीचा एक पाय जाड रंगाखाली उमटतो.

म्हणून ही चित्रं बाजूनेही बघा. जर्मन चित्रकार फ्रीडरिशच्या 'समुद्रकाठचा भिक्षू' (१८०८-१०) या चित्रात त्या माणसापुढे अथांग रिकामपण आहे. वरच्या रंगाखालचं दाखवणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत तिथे आधी जहाजं होती असं दिसलं. त्याने ती काढून टाकली.

अर्थात सगळीच रिकामी जागा कमावलेली नसते. थोडं लांब उभं राहून तळहाताने आकृती झाका. उरलेला रंग नुसता भिंतीला दिल्यासारखा वाटला, तर ते चित्र कच्चं आहे, असं मी म्हणेन. तरुण चित्रकाराच्या वीस चित्रांत चार जरी या कसोटीला उतरली, तरी मी त्याचं पुढचं प्रदर्शन चुकवणार नाही.

पुन्हा जाणार असाल आणि चित्रकार तिथे भेटला, तर एवढंच विचारा: इथे आधी काय होतं?