कुठल्या पानावर?

चि. अभ्यासिकेतल्या मुलास,
अनेक आशीर्वाद.

परवा काउंटरवर तुझं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हा असा मायना. तू 'कोसला' परत करत होतास. ग्रंथपाल बाईंनी सहज विचारलं, कसं वाटलं? तू म्हणालास, "मोठं पुस्तक आहे, मॅडम. मला कळलं नसेल." आणि मग आवाज खाली आणून, "'मृत्युंजय' आहे का? परत वाचायचंय. ग्रुपमधले हसतात, पण मला आवडतं." मी तुझ्या मागेच उभी होते. तुझं ते 'कळलं नसेल' रात्री भांडी आवरतानाही डोक्यातून जाईना. म्हणून लिहिते आहे. पत्र बाईंकडे ठेवते, त्या तुला देतील.

तुला आठवत असेल, जाता जाता मी तुला विचारलं होतं, 'कोसला'त कंटाळा आला तो कुठल्या पानावर? तू गडबडलास. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीचं तुटलेपण, अस्तित्ववाद असं काहीबाही सांगायला लागलास. ते तुझं नव्हतं रे. कुठल्या तरी व्हिडिओतलं होतं. मग मी विचारलं, 'मृत्युंजय'मधलं काय आवडतं? तेव्हा तुझा हात आपोआप छातीशी गेला. इंद्राला कवचकुंडलं देताना कर्ण अंगावरचं कवच कसं सोलून काढतो, ते तू बोटांनी दाखवलंस. चप्पल घालायची विसरून उंबऱ्यातच उभा होतास. ते तुझं मत. मला तेवढंच ऐकायचं होतं.

तर एकच सांगते, आणि या पत्रात तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पुस्तकाबद्दल तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचार: कुठल्या पानावर? पान सापडलं तर मत तुझं. नाही सापडलं तर गप्प बस, किंवा पुन्हा वाच. पण उसनं मत आणू नकोस आणि 'कळलं नसेल' म्हणून पळूही नकोस. त्याला तू नम्रपणा समजतोस. मला त्यात आळस दिसतो.

भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' १९६३ सालचं. मी ते कॉलेजात असताना वाचलं आणि पांडुरंग सांगवीकरच्या होस्टेलात, मेसमध्ये, पोरांच्या टोळक्यात मला कंटाळाच आला. मी मुलगी होते, त्या होस्टेलात मला उभं राहायला जागा नव्हती. पण त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, तिथून पुढची पानं मी किती वेळा वाचली असतील याची मोजदाद नाही. तिथं आपण भाषा वाचतोय हेच आपण विसरतो. तेवढ्या पानांसाठी मी ते सगळं होस्टेल पत्करते. तुला मनीच्या पानांवरही काही झालं नसेल, तर तसं ठणकावून सांग. मी वाद घालीन, पण तुला कमी लेखणार नाही. मनीची पानं तू नुसती उलटली असशील, तर मात्र मला राग येईल.

आता हा प्रश्न माझा कसा झाला ते सांगते. मुळात तो माझा नाहीच.

मी जिल्हा परिषदेत नोकरीला होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या टेबलावर एक सहकारी होते, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. कामाला चोख, बोलायला कमी. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "वाचा ताई, मग सांगा." दया पवारांचं 'बलुतं' होतं, दलित माणसाचं आत्मकथन. आलं होतं १९७८ साली, पण आमच्या गावात तेव्हाही लोक त्याच्याबद्दल बोलत होते, म्हणजे न वाचता बोलत होते. आमच्या साहेबांनी डबा खाताना निकाल देऊन टाकला होता, की सगळं रडगाणं आहे. मी पुस्तक आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. उघडलं नाही. नवव्या दिवशी त्यांना परत देताना म्हणाले, "चांगलं आहे, पण तक्रारीचा सूर जरा जास्त वाटला."

त्यांनी विचारलं, "कुठल्या पानावर?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारलं. ती तक्रार कुठं आहे हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. माझ्याकडं पानच नव्हतं. त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं, फाईल ओढली आणि कामाला लागले. त्यानंतर वर्षभर आम्ही शेजारी बसलो. मला त्यांनी पुन्हा कधी पुस्तक दिलं नाही. मग त्यांची बदली झाली.

'बलुतं' मी वाचलं ते पुढं बारा वर्षांनी, याच ग्रंथालयातलं. पहिल्याच पानांत दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. लिहिणारा एक, भोगणारा एक, आणि दोघं एकच. मग मुंबईतला कावाखाना, ती माणसं, त्या खोल्या. मी तक्रार शोधत होते. सापडला तो एक माणूस, जो सगळ्यात जास्त स्वतःलाच उघडं पाडतो. बायकोवर घेतलेल्या संशयाची पानं वाच. स्वतःची बाजू मांडायची तिथं पुरी संधी होती, त्यानं ती घेतली नाही. हे मला माझ्या त्या सहकाऱ्यांना सांगायचं होतं. पान सापडलं होतं. पण मी पत्ता काढेपर्यंत ते गेले होते.

म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे. आमच्या ग्रंथालयातल्या लोकांनी तुला माझ्याबद्दल सांगितलंच असेल, की काकू हेकट आहेत. 'ययाति'वरच्या कार्यक्रमाबद्दलही सांगितलं असेल. सांगते, तूच ठरव. मला बोलायला बोलावलं होतं. खांडेकरांना १९७४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं, आणि सभागृहात ते सगळ्यांना पाठ होतं. मी म्हटलं, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, तिघं आपापली कहाणी सांगतात, पण तिघांचा आवाज एकच आहे. राजा तसाच बोलतो, दासी झालेली राजकन्याही तसंच बोलते. दर दोन पानांमागं वहीत उतरून घ्यावं असं वाक्य येतं आणि त्या वाक्यापाशी माणूस अडकतो. मी पानं काढून वाचून दाखवली. कुणी एकानंही उलट पान काढून दाखवलं नाही. मी मोठ्या लेखकाचा अपमान केला, एवढंच सगळे म्हणाले. त्यानंतर मला बोलायला बोलावलं नाही आणि मीही वाचक मंडळात जायचं सोडलं. घरचे म्हणतात, थोडं गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मी त्यावर पुष्कळ विचार केला. एकदा पान नसताना दुसऱ्याच्या मताला मान हलवली होती, त्याची किंमत मला माहीत होती. आता पान हातात असताना गोड बोलायचं? मला ते जमलं नसतं. आजही जमणार नाही. कुणी शर्मिष्ठेचा वेगळा आवाज पानावर दाखवला, तर मात्र मी त्याच सभागृहात उभी राहून मत बदलीन.

तुझ्या 'मृत्युंजय'वर हसणाऱ्यांना हेच विचार. शिवाजी सावंतांचं ते, १९६७चं. इरावती कर्व्यांचं 'युगांत'ही त्याच वर्षीचं, ते मुद्दाम शेजारी ठेवून वाच. सावंतांचा कर्ण अंगावर येतो, हात धरून रडवतो. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, त्या रडू देत नाहीत. कर्ण, कुंती, गांधारी, सगळ्यांना त्या माणूस म्हणून समोर बसवतात आणि हिशेब विचारतात. बुद्धीला मला 'युगांत' पटतं. पण माझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या बाकावर मी 'मृत्युंजय' नेलं होतं. 'युगांत' तिथं उघडवलंच नसतं. यातलं कुठलं खरं, असं मला विचारू नकोस. दोन्ही माझी मतं आहेत आणि दोन्हीकडची पानं मी दाखवू शकते.

तू एमपीएससीचा अभ्यास करतोस. १८५७ची कारणं आणि परिणाम तुला मुद्द्यांत पाठ असतील. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घे. वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत जातो आणि बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा तो झाशीत होता. शूर वगैरे तो नाही. घाबरतो, उपाशी राहतो, लुबाडला जातो, आणि तशातही आईवडिलांना न्हाऊ घालायला गंगेची कावड खांद्यावरून घरी आणतो. तुझ्या गाईडमध्ये ती कावड नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. त्याबद्दल मला कुणी काही वाकडं बोललेलं सोसत नाही, पण पान दाखवायला मीही बांधील आहे. त्यांचे यजमान ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यानंतरची पानं बघ. लक्ष्मीबाई उन्मळून पडल्या होत्या, आणि लिहिताना नवऱ्याला एक कडू शब्द नाही, स्वतःची कीव नाही. शाळा जवळजवळ न शिकलेल्या बाईचं हे मराठी आहे. जास्त सांगत नाही, तुझं तू वाच.

एक वही कर. परीक्षेच्या नोट्सची नको, वेगळी. पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री चार ओळी लिही आणि पुढं पानाचा आकडा टाक. प्रस्तावना, परीक्षण, व्हिडिओ, माझं हे पत्रसुद्धा, सगळं त्यानंतर. मी इथं इतकी मतं सांगितली खरी, पण मला ती आवरली नाहीत म्हणून. तुला दिलेली नाहीत ती.

'मृत्युंजय' तुझ्याकडं आहेच. 'बलुतं' मी बाईंना बाजूला काढून ठेवायला सांगितलं आहे. त्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा फार होत्या. काही आधीच्या वाचकांच्या, बऱ्याचशा माझ्या. काल दुपारी खिडकीशी बसून मी सगळ्या खोडल्या. एके ठिकाणी कागद थोडा विरला आहे, जपून उलट. मी गुरुवारी पाचला येते.

तुझी,
काकू