हँडबॉल प्रश्नोत्तरे: खरी फायनल शनिवारीच झाली

मागच्या वेळी हँडबॉलच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, 2023-24 च्या हंगामावर लिहिलं आणि इनबॉक्स भरून गेला, जमतील तेवढे प्रश्न घेतो.

प्रश्न: महिनोन्‌महिने लीग खेळायची आणि कप एका वीकेंडला ठरवायचा, हा अन्याय नाही का?

थोडा आहेच. सोळा टीम, आठ-आठचे दोन ग्रुप, प्रत्येकीशी एक मॅच घरी एक बाहेर, म्हणजे ग्रुपमध्येच 14 मॅच. वरच्या दोघी थेट क्वार्टरफायनलला, तिसरी ते सहावी प्लेऑफमधून, खालच्या दोघींनी बॅगा भरायच्या. मग उरलेल्या चौघी बुडापेस्टला, शनिवारी दोन सेमीफायनल, रविवारी फायनल. शनिवारी साठ मिनिटं अंगावर घेतलेले धक्के रविवारी सकाळी खांद्यात बोलतात, त्यामुळे ज्याचा बेंच दमदार तोच टिकतो. आणि 2024 मध्ये ते दिसलंच की! हंगेरीच्या ज्योरने शनिवारी डेन्मार्कच्या एस्बिअर्गला 24-23 ने काढलं, समोर एस्बिअर्गची नॉर्वेजियन स्टार हेन्नी रेइस्टाडसारखी पोरगी, एका गोलाचा फरक, माझ्या मते फायनल तीच. रविवारी जर्मनीच्या बीटिगहाइमला 30-24, त्यात तेवढा जीव नव्हता.

प्रश्न: या बायका सारख्या बुटाला हात का लावतात? लेस सुटते का?

नाही हो, ती राळ आहे! चिकट गोळा बुटावर लावून ठेवतात, बोटं टेकवायची आणि बॉल घ्यायचा. नीट बघा, विंगवरची खेळाडू कोपऱ्यातून उडी मारते, समोर गोलकीपर, अँगल जवळजवळ शून्य, आणि ती मनगट असं फिरवते की बॉल गोलकीपरच्या बाजूला टप्पा पडून आत वळतो. कोरड्या हाताने हे करून बघा, बॉल भलतीकडेच जाईल. हॉल साफ करणाऱ्या माणसाला मात्र विचारू नका, तो शिव्याच घालेल.

प्रश्न: गोल रिकामा सोडून गोलकीपर बेंचवर का पळते? वेडेपणा वाटतो.

2016 पासूनच्या नियमामुळे गोलकीपरच्या जागी सातवी मैदानी खेळाडू घेता येते, वेगळी जर्सी वगैरे लागत नाही. कुणाला दोन मिनिटं बाहेर काढलं असेल तर आकडा भरून निघतो म्हणून सर्रास करतात. पास चुकला तर समोरची स्वतःच्या गोलपासूनच फेकते आणि बॉल 40 मीटरचं कोर्ट घरंगळत आत, ते बघताना पोटात खड्डा पडतो. मला हा नियम आवडत नाही, पण माझ्या आवडीला विचारतो कोण.

प्रश्न: 2021, 2022, 2023 सलग तीन कप जिंकणारा नॉर्वेचा व्हायपर्स क्लब गेला कुठे?

बुडाला. 2024 च्या फायनल फोरलाच, म्हणजे बुडापेस्टच्या त्या वीकेंडलाच, पोचला नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये, हंगाम चालू असतानाच, दिवाळखोरीत निघाला. पैशांचा मेळच बसेना. तीन वेळा युरोपात पहिली आलेली टीम, आणि पगाराची बोंब! आणि बीटिगहाइम? तो क्लब नंतर लुडविग्सबुर्ग या नावाने खेळायला लागला आणि 2025 च्या उन्हाळ्यात तोही दिवाळखोरीत. म्हणजे मैदानात हरायच्या आधी हिशोबाच्या वहीत हरायचं. ज्योरच्या नावातच ऑडी आहे, गावात ऑडीचा मोठा कारखाना आहे, हा फरक लहान नाही. 2025 ला कप परत ज्योरनेच नेला, त्यांचा सातवा.

यात एक गोष्ट सांगायलाच हवी. व्हायपर्सची गोलकीपर कात्रिन लुंडं, तेव्हा वय 44, ऑलिम्पिकचं तिसरं गोल्ड नुकतंच पॅरिसला घेतलेलं, क्लब बंद पडला म्हणून घरी बसली नाही, डेन्मार्कच्या ओडेन्सला गेली आणि तिथून जूनमध्ये थेट फायनलला. ज्योरकडून 29-27 ने हरल्या, ते जाऊ दे.

प्रश्न: फ्रान्सच्या त्या Metz क्लबचं नाव कसं म्हणायचं, मेत्झ की मेट्स?

मेस! फ्रेंच लोक असंच म्हणतात, आपल्या डब्याच्या मेससारखं.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेत हँडबॉल खेळते. बॉल कुठला घेऊ?

1 नंबर. घेराला 50 ते 52 सेंटीमीटर. या बायका खेळतात तो 2 नंबर, 325 ते 375 ग्रॅमचा, तो चौदाच्या पुढे. आणि दुकानदार फुटबॉल गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका.