लुटणाऱ्याचा नफा आणि लुटल्या गेलेल्याचं नुकसान

आजचे श्रीमंत देश इतरांना लुटूनच श्रीमंत झाले का, आणि तसं असेल तर ते आपलं देणं लागतात का, असा तुमचा प्रश्न आहे. सोबत इंग्रजांनी भारतातून ४५ ट्रिलियन डॉलर नेले हा आकडाही तुम्ही दिलाय. माझं मत आधीच सांगतो. लूट झाली, प्रचंड झाली, पण नुसत्या लुटीवर कुठलाही देश टिकाऊ श्रीमंत झालेला नाही. तरीही देणं उरतंच, कारण लुटारूने किती कमावलं यावर ते ठरत नाही, ज्याचं गेलं त्याचं किती गेलं यावर ठरतं. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळे पेटतात.

४५ ट्रिलियनचा आकडा अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांच्या मांडणीतला आहे. १७६५ ते १९३८ या काळातली भारताची आयातीपेक्षा जास्तीची निर्यात धरायची आणि तिच्यावर ५ टक्के चक्रवाढ व्याज लावायचं, की तो निघतो. व्याजाचा दर जरा बदलला की आकडा कुठल्या कुठे जातो, म्हणून मी तो वापरत नाही. पण त्यामागची यंत्रणा शंभर टक्के खरी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

१८६० नंतरचा काळ घ्या. इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याला खानदेशातला कापूस हवा आहे. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या, कचेरीत पौंड भरून 'कौन्सिल बिल' नावाची हुंडी घ्यायचा. ती हुंडी मुंबईला यायची, इथल्या सरकारी तिजोरीत वटायची, आणि मिळालेल्या रुपयांतून कापसाचे पैसे चुकते व्हायचे. आता तिजोरीतले हे रुपये कुठून आले? मुख्यतः शेतसाऱ्यातून. म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या कापसाचे पैसे त्याने स्वतः किंवा त्याच्यासारख्याच दुसऱ्या कुणी भरलेल्या साऱ्यातून मिळत होते, आणि खरेदीदाराचे पौंड लंडनलाच राहत होते. त्या पौंडांतून 'होम चार्जेस' भागवले जात: निवृत्त साहेबांची पेन्शनं, त्या मंत्र्याच्या कचेरीचा (इंडिया ऑफिसचा) खर्च, कर्जाचं व्याज, रेल्वे कंपन्यांना कबूल केलेला ५ टक्के परतावा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीच्या भागधारकांनाही ही हमी होती. धंद्यात तेवढं सुटलं नाही तर उरलेली रक्कम भारताच्या महसुलातून. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्चसुद्धा भारताच्याच खात्यावर टाकला गेला. दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्येच, खुद्द लंडनमध्ये, इंग्लंड भारताचं काय देणं लागतं यावर निबंध वाचला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे होम चार्जेस ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का भरत. भारत सरकारच्या महसुलाचा मात्र तो सुमारे चौथा हिस्सा होता. माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांत आहे. विहिरीवरची मोटार फोडून तांब्याची तार नेणाऱ्याला भंगारात काही शे रुपये मिळतात, पण शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो.

आणि हा हंगाम खरोखरच गेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. पुणे-नगर भागात सारा मात्र फेरआकारणीत वाढलेला, आणि तो रोखीतच भरायचा. मग सावकार. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ सुरू झाला. चौथा हिस्सा बाहेर जाणाऱ्या सरकारकडे पाटबंधाऱ्यांसाठी, शाळांसाठी पैसा कमीच उरणार.

आता दुसरी बाजू. लुटीने श्रीमंती येत असती तर स्पेन आणि पोर्तुगाल आज युरोपात सगळ्यांच्या पुढे असते. दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या डोंगरातली चांदी स्पेनने सक्तीच्या मजुरीने उपसली, आणि तरी स्पेनच्या राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ साली दिवाळं काढलं. पोर्तुगालकडे ब्राझीलचं सोनं होतं, गोवा साडेचारशे वर्षं होता. पण १९०० च्या सुमारास खुद्द पोर्तुगालमधली बहुसंख्य माणसं निरक्षर होती. उलट दक्षिण कोरिया १९१० ते १९४५ जपानचा गुलाम होता, फिनलंड आधी स्वीडनच्या आणि मग रशियाच्या ताब्यात होता. हे देश शिक्षण, जमीनसुधारणा आणि कारखानदारी यांच्या जोरावर वर आले. हॉलंडचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं, ते मान्य करतो: १८५० च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जावा बेटावरच्या (आजच्या इंडोनेशियातल्या) सक्तीच्या ऊस-कॉफी लागवडीतून येत होता. मँचेस्टरच्या गिरण्याही अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालल्या. लुटीचा हातभार होताच. एकटं कारण मात्र ती नव्हती.

आपल्यापैकी अनेकांना आवडणार नाही, पण मुंबईही यात आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इथूनच चीनला गेली आणि शहरातल्या कित्येक पेढ्या त्या पैशावर मोठ्या झाल्या. शोषक एका देशात आणि शोषित दुसऱ्या देशात अशी सरळ वाटणी होत नाही.

देण्याचा सर्वांत स्वच्छ हिशेब मला हैतीचा, कॅरिबियन समुद्रातल्या जुन्या फ्रेंच वसाहतीचा, वाटतो. तिथल्या गुलामांनी १७९१ ला उठाव केला आणि १८०४ ला स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने, दहाव्या चार्ल्सने, लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेबद्दल, आणि त्या मालमत्तेत ही माणसं स्वतःच मोजलेली होती. पहिल्याच ३ कोटींच्या हप्त्यासाठी हैतीला पॅरिसमधून कर्ज काढावं लागलं. कर्ज ३ कोटींचं, हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण त्यापायी झालेलं कर्ज फिटायला १९४७ उजाडलं. फ्रान्स काही या पैशामुळे श्रीमंत झाला नाही. हैतीकडे मात्र शंभराहून जास्त वर्षं शाळा, रस्ते आणि दवाखान्यांसाठी पैसा राहिला नाही.

इथे चक्रवाढीच्या अंदाजावर सगळं उभं करावं लागत नाही. मूळ रक्कम, तारखा, हप्ते, सगळं कागदावर आहे. २००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक परत मागितले, फ्रान्सने नकार दिला. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला, पैसे परत करण्याचं मात्र कबूल केलं नाही. माझ्या मते ते परत करायला हवेत, आणि आजच्या फ्रेंच माणसाने स्वतः काही केलं नाही ही सबब इथे चालत नाही. १९४७ पर्यंत हप्ते भरणाऱ्या हैतीच्या नातवंडा-पतवंडांनीही काही केलं नव्हतं.